अनुमोदना

दर बुधवारी दुपारी मी उधन्याच्या बाजूला एका मराठी शाळेत गोष्टी सांगायला जाते. पगार नाही, हजेरीपत्रक नाही. साठी उलटल्यावर घरात नुसतं बसवत नाही, म्हणून जाते. वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या घरांतली. वडील लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये, आई घरी बसून साड्यांना टिकल्या आणि लेस लावणारी. घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी-गुजराती आणि पुस्तकात मराठी. माझंही माहेर धुळ्याचं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यातला हेल ऐकला की मला आपल्या अंगणात बसल्यासारखं वाटतं.

मागच्या वर्षी वर्गशिक्षिकेनं नववीच्या मुलांना ‘माझा आवडता नेता’ असा निबंध दिला होता आणि वह्यांवर नजर टाकायला मला सांगितलं होतं. अडतीस वह्या. शिवाजी महाराजांवर सगळ्यांत जास्त. त्यांतल्या काहींनी सुरतेच्या लुटीचं वर्णन इतक्या जोशात केलं होतं, की आपण आज त्याच सुरतेत राहतो हे ते विसरले असावेत. मग बाबासाहेब, गांधीजी, सरदार पटेल, भगतसिंग. आणि तीन वह्यांत हिटलर.

दोन निबंध एकमेकांची नक्कल होते. तिसरा मात्र मुलानं मनापासून लिहिला होता. हिटलर गरिबीतून वर आला, शिस्तीचा भोक्ता होता, देशावर त्याचं प्रेम होतं, इंग्रजांना त्यानं घाम फोडला. मी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, “अरे, यात तुला सगळ्यांत काय आवडलं?” त्यानं सरळ माझ्याकडे बघत सांगितलं, “बाई, तो शाकाहारी होता. तुमच्यासारखा.”

मला हसू आलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढचं सगळं त्या हसण्यापासून सुरू झालं. मी रागावले नाही, दचकले नाही, हसले. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांना आम्ही सुना पाठीमागे ‘हिटलर’ म्हणायचो. सकाळी साडेपाचला उठवणारे, उकळलेल्या पाण्याच्या हंड्यावर स्वतः नजर ठेवणारे, चौविहारची वेळ एक मिनिट टळली तर ताट परत पाठवणारे. त्या शब्दात धाक होता आणि मायाही होती. साठ लाख माणसं त्या शब्दात नव्हती. माझ्या तोंडात जो शब्द इतका हलका होता, तो त्या मुलाच्या वहीत जड असावा अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडानं करणार होते?

*

मुलाला दोष द्यावासा वाटला नाही, कारण त्याला हे कुठून मिळालं ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्याच गुजरातच्या दहावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकावरून २००४-०५ च्या सुमारास देशभर चर्चा झाली होती. त्या पुस्तकात नाझी राजवटीच्या अंतर्गत कामगिरीचं कौतुक होतं. सरकारची प्रतिष्ठा वाढली, रोजगार मिळाला, तरुणांत उत्साह आला, असं सगळं होतं. ज्यूंच्या संहाराला मात्र त्या मानानं जागाच नव्हती. २००६ साली नवी मुंबईत, खारघरला, हिटलरच्या नावानं एक हॉटेल उघडलं आणि ज्यू समाजानं आक्षेप घेतल्यावर नाव बदललं गेलं. २०१२ साली अहमदाबादेत त्याच नावाचं कपड्यांचं दुकान निघालं. मालकाचं म्हणणं असं, की भागीदाराचे आजोबा कडक होते, त्यांचं घरातलं टोपणनाव ते. मी तेव्हा ती बातमी वाचली आणि मला सासरे आठवले. टीव्हीवर त्या काळात ‘हिटलर दीदी’ नावाची मालिका चालू होती. आमच्या घरी ती रोज लागायची. आणि कुठल्याही स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर बघा, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी हिटलरचं आत्मचरित्र मांडलेलं असतं, यशस्वी माणसाची कहाणी असल्यासारखं.

यात कुठे ज्यूद्वेष आहे का? मला वाटत नाही. त्या तीन मुलांपैकी एकानंही आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नाही. ज्यू म्हणजे काय हे विचारल्यावर एक जण म्हणाला, “फळांचा रस.” वर्ग हसला आणि मीही हसले. इतकं निरागस आहे हे सगळं.

पण मग मी त्यांना विचारलं, “अहमदाबादला कांकरियाचं प्राणीसंग्रहालय कोणी पाहिलंय?” पाचसहा हात वर झाले. ते उभं करणारे रूबेन डेव्हिड ज्यू होते. पद्मश्री मिळालेला माणूस. जखमी जनावराला स्वतःच्या घरी आणून सांभाळणारा. त्यांचे पूर्वज बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबाग-पेणच्या गावांत त्यांना शनवार तेली म्हणत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून. आडनावं गावांवरून घेतलेली, पेणकर, नवगावकर, आपटेकर. जुन्या हिंदी सिनेमांतले टक्कल पडलेले, गोड हसणारे डेव्हिड हे मूळचे चेऊलकर. इस्रायलमध्ये गेलेल्या त्यांच्यातल्या लोकांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. शेकडो वर्षं हे लोक आपल्याकडे राहिले, आणि ज्यू म्हणून त्यांना कोणी हाकललं नाही, त्यांची घरं जाळली नाहीत. या गोष्टीचा आपण अभिमान बाळगतो. बाळगावा. पण ज्यांना आपण त्रास दिला नाही त्यांना आपण ओळखतही नाही, हेही तितकंच खरं. आणि न ओळखणाऱ्याच्या मनात कोणीही काहीही भरू शकतो.

*

त्या बुधवारी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देरासरमध्ये गेले. पाटावर तांदळाचा साथियो काढायला बसले. माहेरी आम्ही स्थानकवासी. तांदळाची पूजा मी सुरतेला सासरी येऊन शिकले. चार पाकळ्या म्हणजे चार गती, देव, मनुष्य, तिर्यंच, नरक. वर तीन ढिगल्या म्हणजे ज्ञान, दर्शन, चारित्र. त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. सातव्या तीर्थंकरांचं, सुपार्श्वनाथांचं लांछनही स्वस्तिकच. चाळीस वर्षं हात आपोआप फिरतो. त्या दिवशी हात मध्येच थांबला. हेच चिन्ह, थोडं तिरकं करून, काळ्या रंगात, कोणाच्या तरी आजीला दारावर दिसलं असेल आणि तिच्या पोटात गोळा आला असेल.

आमच्या लोकांना हा विषय काढला की राग येतो. “आपलं चिन्ह हजारो वर्षांचं, त्यांनी चोरलं, आपण का लाजायचं?” खरंच आहे, लाजायचं कारण नाही. मी साथियो पुरा केला, रोजच्यासारखा. पण ज्याच्या घरातली वस्तू चोरून तिनं खून केला गेला, त्या घरच्यानं निदान खुनाची हकीकत विचारू नये का? “वस्तू आमची आहे” एवढं सांगून दार लावून घेणं मला त्या दिवसापासून जमेना.

आणि ते शाकाहाराचं. हिटलर पुढच्या काळात मांस खात नसे हे खरं आहे. त्याच्या सरकारनं १९३३ च्या नोव्हेंबरात प्राणी-संरक्षणाचा कायदाही केला, तोही खरा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनावराला आधी बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी आणली. त्याचा रोख ज्यूंच्या धार्मिक पद्धतीवर होता. आणि १९४२ मध्ये ज्यू कुटुंबांना घरात कुत्रं-मांजर पाळायलाही बंदी केली. जनावरावरची दया कोणत्या माणसाला हत्यार म्हणून वापरता येते, ते यातून दिसतं. आमच्या पंथात ताटातली शुद्धता हा मोठा विषय आहे. मीही कांदा-लसूण पाळते, पर्युषणात हिरवं खात नाही. पण ताट शुद्ध असलं की माणूस शुद्ध झाला, असं एक समाधान आमच्यात असतं, आणि त्या मुलानं नेमका तिथे हात घातला होता. तो मला शिव्या देत नव्हता, माझी स्तुती करत होता. म्हणूनच ते जास्त लागलं.

*

शाळेतल्या एका शिक्षकांशी मी याबद्दल बोलले. शांत, वाचणारे गृहस्थ. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ त्यांच्या घरी आहे. ते म्हणाले, “ताई, तुम्ही जैन. अनेकांतवाद तुमचाच. प्रत्येक गोष्टीला बाजू असतात. हिटलरनं रस्ते बांधले, लोकांना काम दिलं, हीही एक बाजू. आपण मुलांना दोन्ही सांगू, ठरवू दे त्यांना.”

तुम्ही म्हणाल, यात चूक काय? मलाही लगेच उत्तर सुचलं नाही. दोनतीन दिवस ते डोक्यात राहिलं.

लहानपणी धुळ्याला स्थानकात एक महासतीजी आम्हा मुलींना नय समजावून सांगायच्या. वस्तूकडे एका बाजूनं बघणं म्हणजे नय. त्यात खोटं काही नाही, अपुरं आहे इतकंच. पण जो नय बाकीच्या बाजू पुसून टाकतो आणि मीच पूर्ण म्हणतो, तो दुर्नय. म्हणजे अनेकांत सगळ्या मतांना सारखे मार्क देत नाही. कोणती बाजू दुसरीला झाकतेय ते ओळखायला शिकवतो. ‘लोकांना काम मिळालं’ हे वाक्य घ्या. कोणत्या लोकांना? एप्रिल १९३३ मध्येच ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा झाला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. रिकामी झालेली खुर्ची दुसऱ्याला मिळाली आणि कारखान्यांत मोठी भरती झाली ती युद्धाची तयारी म्हणून. ही दुसरी बाजू त्या पहिल्या बाजूच्या पोटातच आहे. वेगळ्या परिच्छेदात लिहायची ‘अन्य माहिती’ नाही ती. रस्ते आणि भट्ट्या तराजूच्या दोन पारड्यांत घालून “बघा बाबा, ठरवा” म्हणणं याला मी अनेकांत म्हणणार नाही. ज्यांना मारलं त्यांची बाजू ऐकायची राहून गेलेली असताना मारणाऱ्याची बाजू समजून घेण्याची घाई कसली?

त्यांना मी हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आणि आज इस्रायल गाझात जे करतंय त्याचं काय? मुलं मोबाइलवर रोज बघतात. मी ज्यूंचं दुःख शिकवायला लागलो तर विचारतील.”

विचारू देत. तिथल्या लेकरांची प्रेतं बघून ज्याचं काळीज हलत नाही, त्याला जुन्या लेकरांचं दुःख सांगूनही उपयोग नाही. एखाद्या सरकारनं केलेल्या कृत्याचा जाब त्या सरकारला विचारावा, कडक विचारावा. पण ठाण्यातल्या सिनेगॉगमध्ये शनिवारी प्रार्थनेला जाणाऱ्या म्हातारीला तो विचारायचा नसतो. मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाऊसमध्ये शिरलेल्यांनी ज्यांना मारलं, त्यांना ज्यू म्हणूनच गाठलं होतं. कृत्य आणि जन्म यांतला फरक मुलांना कळला, तर बाकीचं ती आपलं आपण शिकतील.

*

हा फरक मी कोणत्या पुस्तकातून शिकले नाही. धुळ्याच्या शाळेत मला मुली ‘मारवाडी’ म्हणायच्या. डब्यातला लाडू मी मोजून दिला की “मारवाडीण ना, मोजणारच.” पाटीवर पेन्सिलीचा तुकडा उधार दिला की “व्याज किती गं?” सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. त्यात द्वेष नव्हता. पण घरी येऊन आईला विचारलं होतं, की आपण कंजूस असतो का? आईनं नुसतं डोक्यावरून हात फिरवला.

मोठी झाल्यावर १८७५ च्या दंग्यांबद्दल वाचलं. पुणे जिल्ह्यात सुप्याला मे महिन्यात सुरुवात झाली. शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. आमच्या लोकांत ही गोष्ट सांगताना ‘आपल्यावर अत्याचार झाला’ असा सूर लागतो. मला तसं म्हणवत नाही. त्या वह्यांत खोटे आकडे होते, अंगठे फसवून घेतलेले होते, जमिनी गिळलेल्या होत्या. शेतकऱ्यांचा राग त्या कागदांवर होता आणि त्यांनी मुख्यतः कागदच जाळले. त्यांची तक्रार कृत्याबद्दल होती. जर्मनीत जे झालं ते वेगळं. तिथे सावकारीशी आयुष्यात संबंध न आलेला शाळामास्तर, शिवणकाम करणारी बाई, दूधपितं मूल, सगळ्यांवर एकच आरोप होता, की तुम्ही जन्मलात. ‘व्यापारी जात, पैशाला चिकट, देशाशी बेइमान’ ही वाक्यं मी वाचते तेव्हा मला ती अर्धी ओळखीची वाटतात. वर्गातल्या हशापासून त्या वाक्यांपर्यंतचा रस्ता लांब आहे, मान्य. पण रस्ता आहे.

आमच्या प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकं म्हणतो. पहिलं प्राणातिपात, म्हणजे जीव घेणं. ते सगळ्यांना ठाऊक. पण तेरावं अभ्याख्यान आहे, म्हणजे खोटा आळ घेणं. चौदावं पैशुन्य, चहाडी. सोळावं परपरिवाद, दुसऱ्याची निंदा. वर्षानुवर्षं मला वाटायचं, खुनाच्या यादीत चहाडी कशाला? आता वाटतं, यादी करणाऱ्यांना माहीत होतं, की पहिल्या पापापर्यंत माणूस बहुतेक वेळा तेराव्या-चौदाव्यावरून चालत जातो. १९३८ साली जर्मनीत लहान मुलांसाठी एक रंगीत चित्रांचं पुस्तक निघालं, ‘विषारी अळंबी’ अशा अर्थाच्या नावाचं. चांगली अळंबी आणि विषारी अळंबी ओळखायची असते, तसा ज्यू ओळखायचा, असं त्यातली आई मुलाला शिकवते. गोष्टीचं पुस्तक! मी बुधवारी सांगते तसल्या गोष्टी. भट्ट्या पेटायच्या आधी शाळा पेटलेली होती.

*

आमचे एक चुलत दीर हिऱ्यांच्या धंद्यात. सुरतेत महिधरपुरा-वराछात माल तयार होतो आणि अँटवर्पला त्यांचं ऑफिस. तिथल्या हिऱ्यांच्या गल्लीत पालनपुरी जैन आणि काळे डगले घातलेले ज्यू वर्षानुवर्षं एकमेकांशी धंदा करतात. सौदा पक्का झाला की हात मिळवून ‘मझल’ म्हणायचं. शब्द हिब्रू, पण जैनही तोच म्हणतात. त्यावर लेखी कागद नसतो. लाखोंचा माल त्या एका शब्दावर हातातून हातात जातो.

मी त्यांना फोन करून विचारलं, “भाई, तुमच्याकडच्या ज्यूंचं तेव्हा काय झालं?” ते म्हणाले, “भाभी, इतकी वर्षं झाली, कधी विचारलंच नाही. धंद्यात असलं बोलत नाहीत.” मग मीच वाचत बसले. बेल्जियममध्ये मेखेलन गावात दोसिन नावाची बराक होती. तिथून १९४२ ते १९४४ मध्ये पंचवीस हजारांहून जास्त ज्यूंना आगगाड्यांत भरून आउश्वित्झला पाठवलं. अँटवर्प आणि ब्रुसेल्स, दोन्ही शहरं जर्मनांच्याच ताब्यात. १९४२ मध्ये हुकूम आला, की ज्यूंनी पिवळा तारा लावायचा आणि तो नगरपालिकेनं वाटायचा. ब्रुसेल्सच्या महापौरांनी वाटायला नकार दिला. अँटवर्पनं वाटला. त्या ऑगस्टमध्ये अँटवर्पचे पोलीस धरपकडीत जर्मनांबरोबर उतरले. ब्रुसेल्सचेही ज्यू गेले, पुष्कळ गेले. पण अँटवर्पमधून गेलेल्यांचं प्रमाण खूप जास्त होतं. २००७ मध्ये अँटवर्पच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली.

त्या पोलिसांतल्या बहुतेकांनी स्वतः कोणाला मारलं नसेल. तारे वाटणाऱ्या कारकुनानं नक्कीच नाही. आमच्याकडे याला नाव आहे. पाप तीन प्रकारांनी लागतं. स्वतः केलं ते, दुसऱ्याकडून करवलं ते, आणि दुसरा करत असताना त्याला संमती दिली ते. करण, करावण, अनुमोदन. पहिल्या दोहोंबद्दल आम्ही फार जागरूक असतो. मुंगी वाचवायला पाऊल बघून टाकतो. तिसऱ्याबद्दल फक्त पाठ म्हणतो.

*

पुढच्या बुधवारी मी गोष्ट सांगितली. प्रेतांचे फोटो नेले नाहीत. त्या वयात एकतर मुलं घाबरतात, नाहीतर सिनेमासारखी बघतात. एका बाकापासून सुरुवात केली. १९३८ चा नोव्हेंबर, तुमच्याएवढी मुलं, एका रात्रीत सिनेगॉग जळतात, दुकानांच्या काचा फुटतात आणि आठवड्याभरात हुकूम निघतो, की ज्यू मुलांनी या शाळांत यायचं नाही. बाकावर दोघं बसायची, आता एक बसतं. उरलेल्या मुलानं त्या दिवशी काय केलं असेल? मग मांजरांची गोष्ट सांगितली. मग तारा. मग दोन शहरं. शेवटी आकडा सांगितला. साठ लाख, त्यात सुमारे पंधरा लाख मुलं. सुरतेची लोकसंख्या त्यांना माहीत होती. ते मनात मोजत होते, हे तोंडांवर दिसत होतं.

निबंधवाला मुलगा खाली बघत होता. त्याला लाज वाटावी म्हणून मी हे करत नव्हते, म्हणून त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, आपल्याकडे असं झालंय का?”

वर्गशिक्षिका खिडकीबाहेर बघायला लागल्या. या प्रश्नासाठीच पुष्कळ जण हा विषय शिकवत नाहीत, असं मला वाटतं. जर्मनी लांब आहे, हिटलर मेलाय, तोवर सगळं ठीक. पण शेजाऱ्यानं शेजाऱ्याला कसं सोडून दिलं, हे मुलांना समजलं की ती आपली गल्ली बघणारच.

मी म्हटलं, “तेवढं मोठं नाही. तसं कारखान्यासारखंही नाही. पण झालंय.” आणि मग जे तीस वर्षं कोणाला बोलले नव्हते ते सांगितलं. १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येत मशीद पडली आणि सुरत पेटली. माणसं मारली गेली, बायकांवर नको ते अत्याचार झाले. आम्ही दहा दिवस दार लावून घरात होतो. आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक बांगडीवाली बसायची, मुसलमान. माझ्या लग्नानंतरचा पहिला चुडा तिनं भरला होता. ती वाचली. महिन्याभरानं परत आली, टोपली घेऊन. त्याच आठवड्यात सोसायटीत एक कागद फिरला, की बाहेरच्या फेरीवाल्यांना फाटकापाशी बसू द्यायचं नाही, सुरक्षेसाठी. भाजीवाला बसत राहिला. इस्त्रीवाला बसत राहिला. कागद कोणासाठी होता ते प्रत्येकाला माहीत होतं. त्यावर माझी सही आहे. मी कोणाला मारलं नाही. पेन माझ्या हातात दिलं आणि मी सही केली, कारण वरच्या सगळ्यांनी केली होती आणि गॅसवर दूध होतं.

वर्गात आवाज नव्हता. मग तीच मुलगी म्हणाली, “मग तिचं काय झालं?” मला माहीत नाही, मी म्हटलं. ते खरं होतं. मी कधी शोधलं नाही. दरवर्षी संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणते, फोनवर म्हणते, आता मेसेजनं पाठवते, दोनशे लोकांना. तिचं नाव त्या दोनशेंत नाही. तिचं नावच मला माहीत नव्हतं. ‘चुडीवाली’ म्हणायचो.

तास संपल्यावर मुख्याध्यापकांनी बोलावलं. चांगला माणूस आहे. चहा मागवला आणि म्हणाले, “ताई, तुमचा हेतू समजला. पण पालक विचारतील. पुढच्या बुधवारी एखादी छानशी बोधकथा घ्या.” त्यांचाही नाइलाज होता. मला त्यांचा राग आला नाही. तेही एका कागदावर सही करत होते, इतकंच मनात आलं. बोलले मात्र नाही. पुन्हा एकदा बोलले नाही.

बाहेर पडताना फाटकापाशी तो निबंधवाला मुलगा उभा होता. मला वाटलं, वही परत मागेल. त्यानं विचारलं, “बाई, त्या दुसऱ्या गावात ज्यांनी नाही म्हटलं, त्यांचं नाव काय?”

मला सांगता आलं नाही. हिटलरचं नाव आमच्या घरातल्या पोरासोरांना माहीत आहे, आणि नाही म्हणणाऱ्याचं मलाही नाही. घरी जाऊन शोधलं. ज्यूल कूल्स्ट. ब्रुसेल्सचे तेव्हाचे कार्यवाह महापौर. हा हुकूम माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालणारा आहे, आम्हाला तो राबवता येणार नाही, असं त्यांनी जून १९४२ मध्ये जर्मन अधिकाऱ्याला लेखी कळवलं. त्यांच्या नकारानं गाड्या थांबल्या नाहीत. तारे दुसऱ्यांनी वाटले. पण त्यांच्या हातून वाटले गेले नाहीत.

पुढच्या बुधवारी मी बोधकथा सांगितली. ती याच माणसाची होती. मुख्याध्यापक दारात उभे राहून ऐकत होते. शेवटपर्यंत थांबले, काही म्हणाले नाहीत. आता दोन गोष्टी करायच्या राहिल्यात. एक, त्या मुलाची वही तपासून परत द्यायची आहे. त्यात लाल रेघ मारावी की नुसतं ‘पुन्हा लिही’ म्हणावं, हे अजून ठरत नाही. आणि दुसरी, त्या बांगडीवालीचं नाव शोधायचं आहे. लिंबायतच्या बाजूला तिची मुलगी राहते, असं इस्त्रीवाल्याचा मुलगा म्हणाला. पर्युषणाला अजून तीन महिने आहेत. त्याआधी जाईन म्हणते.